बादलीत काय आहे?

पुण्यात घरसफाईचं काम करता करता माझे केस पिकले. आधी एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर होते, पुढे स्वतःची पाच-सहा जणींची टीम झाली. नव्या फ्लॅटची ताबा घेण्याआधीची सफाई, भाडेकरू सोडून गेल्यावरची सफाई, आजारपणानंतरची सफाई आणि दसऱ्यापासून धनत्रयोदशीपर्यंत चालणारी वर्षातली सगळ्यात मोठी सफाई, असं सगळं केलं. हल्ली फोन आला की पहिला प्रश्न दराचा नसतो. ‘तुम्ही केमिकल वापरत नाही ना? सगळं नॅचरलच ना?’ असं विचारतात. मी सांगते, जास्त करून रिठा, सोडा, चिंच, लिंबूसत्व, व्हिनेगर यांवरच भागवतो. पण घर बघितल्याशिवाय शब्द देत नाही. समोरच्याला वाटतं, ही बाई टाळते आहे. टाळत नसते. या वस्तूंवर माझा जीव आहे, म्हणूनच त्यांच्याबद्दल काहीही सांगितलेलं मला चालत नाही.

कंत्राटदाराच्या दिवसांत बादलीत काय आहे हे विचारायची पद्धतच नव्हती. फिनेल, अ‍ॅसिड, ब्लीच, सगळं सुटं, मोठ्या कॅनमधून यायचं आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून बायकांच्या हातात दिलं जायचं. बाटलीवर चिठ्ठी नाही. पिवळट दिसतं ते अ‍ॅसिड, नाकात चढतं ते ब्लीच, पाण्यात टाकल्यावर दुधाळ होतं ते फिनेल, एवढीच ओळख. हातमोजे मागितले तर मिळायचे, पण एकाच मापाचे, पुरुषी पंजाचे. त्यात बायकांची बोटं घसरायची, कपडा पिळता यायचा नाही, मग मोजे काढून ठेवले जायचे.

हातांचं काय व्हायचं ते जवळून बघितलं आहे. आधी नखांच्या कडेची कातडी पांढरी पडते. मग बोटांची पेरं गुळगुळीत होतात, थंडीत तिथेच भेगा पडतात, आणि भेगेत साबणाचं पाणी गेलं की जीव कळवळतो. टीममधल्या एकीचा अंगठा रेशनच्या दुकानातल्या मशिनवर उमटेना. दुकानदार म्हणाला, पुसून परत ठेव. तिने पदराला पुसला, परत ठेवला, दुसरं बोट ठेवलं. रेषाच राहिल्या नव्हत्या. धान्य न घेता ती कामावर आली आणि पिशवीची घडी घालत हे सगळं मला सांगत होती, जणू यात तिचंच काही चुकलं होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, हात कोरडे ठेवा आणि ब्लीच बंद करा. पोट हातावर असलेल्या बाईने हात कोरडे कसे ठेवायचे?

त्याच सुमारास दिवाळीच्या आधी एका फ्लॅटमध्ये दुसरी एकजण बाथरूम घासत होती. फरशीवर ब्लीच ओतलेलं होतं. डाग निघेना म्हणून तिने वरून संडासासाठी आणलेलं अ‍ॅसिड टाकलं. खिडकी छोटी, दार लोटलेलं. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ती खोकत बाहेर आली, भिंतीला टेकली आणि तिला श्वासच घेता येईना. रिक्षातून दवाखान्यात नेलं. ती वाचली, पण पुढे कित्येक दिवस जिना चढताना तिला दम लागायचा. कंत्राटदाराचं म्हणणं होतं, बायकांना अक्कल नाही. बाटलीवर नावच नसेल तर अक्कल चालवायची कशावर? मी नोकरी सोडली त्यामागे पगाराचंही कारण होतं, पण खरं कारण हे.

स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा एकच ठरवलं होतं: बादलीत काय आहे ते कपडा धरणाऱ्या बाईला माहीत असलं पाहिजे, आणि शक्य असेल तर ते तिच्या स्वयंपाकघरात ओळखीचं असलं पाहिजे. पर्यावरण, नदी, बाळांची त्वचा, हे सगळं नंतर आलं. सुरुवात हातांपासून झाली.

माझं माहेर वाईकडचं. घरी चूल होती तोवर भांडी राखेनेच घासली जात. राख चाळून घेतलेली, घासायला नारळाची शेंडी नाहीतर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. हे का चालायचं ते मला शाळेत कळलं नाही, काम करताना कळलं. लाकडाच्या राखेत खार असतो, तो तेलकटपणाला भिडला की थोडाफार साबणच तयार होतो. चिंच आणि आमसूल आंबट, म्हणून तांब्या-पितळेवरचा काळेपणा जातो. या दोन गोष्टी डोक्यात बसल्या की अर्धं काम सोपं होतं. तेलकट असेल तर खाराची वस्तू घ्यायची, क्षार किंवा गंज असेल तर आंबट घ्यायची. टीममधल्या मुलींना मी हेच आधी शिकवते. कपडा मारायच्या आधी डाग कसला आहे ते बघ. बोट फिरव. चिकट लागतोय की खरखरीत?

पुण्यात अर्धी उपनगरं बोअर आणि टँकरच्या पाण्यावर आहेत. नळांवर, शॉवरवर, बाथरूमच्या काचेवर पांढरा थर बसतो. लोक त्याला मळ समजून घासत राहतात, तारेच्या घासणीने नळाची चकाकी घालवतात. तो थर कॅल्शियमचा, चुन्याचाच भाऊबंद. घासून जात नाही, आंबटाने विरघळतो. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं. ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर विरघळवायचं, जुना सुती कपडा त्यात भिजवून नळाला गुंडाळायचा आणि तिथून निघून जायचं. अर्ध्या तासाने कपडा सोडला की थर मऊ पडलेला असतो, हाताने निघतो. मग साध्या पाण्याने धुऊन कोरडं पुसायचं. शॉवरची भोकं बुजली असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हेच पाणी भरून पिशवी शॉवरला बांधायची.

पण हेच आंबट पाणी संगमरवरावर पडलं तर? संगमरवरही कॅल्शियमचाच. कोथरूडमधल्या एका घरात नवीन पांढरी फरशी होती. मालकीणबाईंनी कुठेतरी वाचून आम्ही जायच्या आदल्या दिवशी पाण्यात व्हिनेगर घालून स्वतः हॉल पुसला होता. आम्ही गेलो तेव्हा खिडकीतून तिरका उजेड येत होता आणि त्या उजेडात फरशीवर कपड्याचे फराटे दिसत होते, जिथे जिथे पाणी साचलं तिथे चकाकी गेलेली. त्या म्हणाल्या, ताई, पुसून काढा ना हे डाग. ते डाग नव्हतेच, दगडच खाल्ला गेला होता. पॉलिशवाल्याला बोलवण्याखेरीज उपाय नव्हता. शहाबादी, कोटा, कडप्पा हे दगडही त्याच जातीचे, चुनखडीचे. जुन्या वाड्यांत, चाळींत, ओट्यांवर हेच दगड असतात आणि लिंबाची फोड सगळ्यात आधी तिथेच फिरवली जाते. ग्रॅनाइट आणि सिरॅमिक टाइल्सना आंबटाची एवढी भीती नाही. म्हणून मी घर बघितल्याशिवाय बोलत नाही.

चिमणीच्या जाळीचंही तसंच. स्टीलची जाळी असेल तर उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकून त्यात बुडवून ठेवावी. पिवळा चिकट थर वितळल्यासारखा खाली बसतो, काम सुखाचं होतं. मात्र सोड्याचं पाणी डोळ्यांत उडू द्यायचं नाही आणि हातात मोजे हवेतच. धुण्याचा सोडा खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तिखट असतो. जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर याच पाण्यात ती काळी पडते. हाताला हलकी आणि नखाने जरा दाबली तरी वाकणारी असेल तर आम्ही सोडा लांब ठेवतो आणि रिठ्याच्या गरम पाण्यावर भागवतो.

रिठ्याबद्दल मात्र मी हात आखडून लिहू शकत नाही. वाण्याकडून सालीसकट रिठे आणायचे, फोडून आतली काळी बी काढून टाकायची. मूठभर साली लिटरभर पाण्यात रात्री भिजत घालायच्या. सकाळी साली फुगून मऊ, मधासारख्या चिकट झालेल्या असतात. त्याच पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळायच्या, गार झाल्यावर हाताने कुस्करायच्या. बोटांमध्ये आधी बुळबुळीत लागतं, मग एकदम फेस यायला लागतो, पांढरा, बारीक. गाळून घेतलं की तांबूस पाणी उरतं. त्याला थोडा आंबूस वास असतो, सगळ्यांना आवडत नाही. पण भांडी, ओटा, फ्रिजची रबरं, खिडकीच्या जाळ्या, लाकडी दारं, सगळीकडे चालतं. साबणाचा बोअरच्या पाण्यात साका होतो, बादलीच्या कडेला पांढरं कडं धरतं. रिठ्याचं तसं होत नाही. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचा पदार्थ असतो, फेस त्याचा. डोळ्यांत गेला तर रिठाही चांगलाच झोंबतो. आणि हे पाणी टिकत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर, बाहेर दोन-तीन दिवसांत आंबतं. म्हणून आम्ही लागेल तेवढंच करतो.

पितळेच्या समया, तांब्याचे हंडे यांना चिंचेचा कोळ आणि मीठ. कोकणातून आलेली एकजण आमसूल वापरते, शिळं आंबट ताकही वापरते, आणि तिची भांडी आमच्यापेक्षा नेहमी उजळ निघतात. तिचं म्हणणं, घासण्यापेक्षा पुसणं महत्त्वाचं. आंबटाचा अंश राहिला की दुसऱ्या दिवशी हिरवट डाग धरतात. ती प्रत्येक भांडं धुतल्या धुतल्या कोरड्या पंच्याने पुसते, समईच्या खाचांत काडीला कापूस गुंडाळून फिरवते, मगच पुढचं घेते. चांदीसाठी आम्ही पातेल्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घालतो, वर खाण्याचा सोडा आणि गरम पाणी. चांदीचा काळेपणा म्हणजे गंधक. ते फॉइलकडे जातं, थोडा सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि चांदी न घासता उजळते. मुद्दाम काळपट ठेवलेल्या नक्षीच्या वस्तू मात्र यात घालू नयेत, नक्षीचा उठाव जातो.

आता एक गोष्ट सांगितल्यावर नेहमी वाद होतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढतात आणि त्याने घासतात. फेस बघून समाधान होतं, हे मी समजू शकते. पण एक खार, एक आंबट. दोन्ही एकमेकांना मारतात. वायू उडून जातो आणि खाली उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. तुंबलेल्या मोरीत तो उसळणारा फेस कचरा थोडा हलवतो, एवढाच त्याचा उपयोग. आधी सोड्याने तेलकट काढा, धुऊन टाका, मग लागलं तर आंबट घ्या. दोन्ही वस्तू आपापल्या जागी सोन्यासारख्या आहेत.

बायोएन्झाइमचंही असंच. जूसवाल्याकडून मोसंबीच्या साली फुकट मिळतात. तीन भाग साली, एक भाग गूळ, दहा भाग पाणी, आणि तीन महिने थांबायचं. पहिला महिना रोज झाकण सैल करायचं, नाहीतर बाटली टुम्म फुगते. काचेच्या बाटलीत तर करूच नये. आमच्यातली एकजण गच्चीवर ड्रम भरून करते. फरशी पुसायला, मोरीच्या वासाला उत्तम. त्याने जंतू मरतात, नदी शुद्ध होते असंही लोक सांगतात. मी सांगत नाही. ते सौम्य आंबट पाणी आहे, संगमरवरावर तेही नको, आणि मला त्याच्याकडून एवढंच काम हवं आहे.

जंतूंचा विषय निघाला की मला २०१९ चा ऑगस्ट आठवतो. सांगली-कोल्हापूरचा पूर ओसरल्यावर आम्ही काहीजणी ओळखीच्यांच्या घरी मदतीला गेलो होतो. भिंतींवर छातीपर्यंत चिखलाची रेघ, कपाटांची दारं फुगून न उघडणारी, गाद्या पाणी पिऊन इतक्या जड की चौघींनी ओढाव्या लागल्या. त्या पाण्यात गटारही मिसळलेलं होतं. तिथे रिठा नाही, व्हिनेगर नाही. आधी फावड्याने चिखल काढायचा, मग पाणी मारायचं, आणि मग टीसीएल पावडर, म्हणजे तेच ब्लीचिंग. ग्रामपंचायतीने वाटलेली. मी स्वतः बादलीत कालवली, दारं-खिडक्या उघडून, मोजे घालून, दुसरं काहीही त्यात न मिसळता. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले असतील तर संडासापुरतं आजही आम्ही तेच वापरतो. व्हिनेगरवर विसंबून एखाद्याचं आजारपण लांबवायला माझं मन तयार होत नाही. कोरोनाच्या काळात उलटं झालं. लोक भाज्यांवर, पार्सलवर, लिफ्टच्या भिंतींवर काहीबाही फवारत होते, आणि तो विषाणू तर साध्या साबणाने फुटत होता, कारण त्याचं वरचं आवरण चरबीचं. तेव्हा आमच्या रोजच्या साबणाच्या पाण्याची ज्यांना किंमत कळली, ते अजून आमची गिऱ्हाइकं आहेत.

वासाबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्याकडे फिनेलचा वास आला की घर पुसलं गेलं, असं धरतात. सुरुवातीला घरमालक दारातूनच विचारायचे, पुसलं का? वास नाही आला. एका घरात दम्याचे आजोबा होते. फरशी पुसली की ते बाल्कनीत जाऊन बसायचे, आणि सगळ्यांना वाटायचं त्यांना हवा आवडते. आम्ही नुसत्या गरम पाण्याने आणि जराशा रिठ्याने पुसायला लागलो तेव्हा ते आतच बसून पेपर वाचू लागले. सुनेने मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, तुम्ही काय बदललंत? त्या घरात नंतर सुगंधी काहीच आलं नाही. निलगिरीचं तेल नैसर्गिक आहे म्हणून कुणी पाण्यात टाकायला सांगतात. घरात मांजर असेल किंवा रांगतं बाळ असेल तर मी तेही नाही म्हणते.

लिंबाचंही सांगते. भेगा पडलेल्या हाताला लिंबू जे झोंबतं, ते अ‍ॅसिडच्या खालोखाल. झाडावरून आलं म्हणून हाताला ते मऊ लागत नाही. आम्ही आता बारीक मापाचे मोजे आणतो, आत सुती मोजा घालतो आणि काम संपल्यावर खोबरेल किंवा कोकमाचं तेल लावतो. जिचा अंगठा उमटत नव्हता तिचा हात सुधारायला पुष्कळ महिने गेले. ब्लीच सुटलं, मोजे आले, डॉक्टरांचं मलम चालू राहिलं. नक्की कशाने किती फरक पडला हे मी वेगळं करून सांगू शकणार नाही. एक दिवस तिने रेशनची पिशवी भरलेली आणून माझ्यासमोर ठेवली, तेवढं पुरे होतं.

या सगळ्यात मला सगळ्यात उशिरा उमगलेली गोष्ट वेळेची आहे. अ‍ॅसिड मिनिटात काम करतं. लिंबूसत्वाला अर्धा तास लागतो, रिठ्याला रात्र, बायोएन्झाइमला तीन महिने. या वस्तू पैशाने स्वस्त आहेत, पण त्यांना वेळ लागतो, आणि तो वेळ बहुतेक घरांत स्वतःचा नसून कामाला येणाऱ्या बाईचा असतो. मालकीणबाईंना नॅचरल हवं असतं, आणि दोन तासांत आटपायलाही हवं असतं. मग ती बाई काय करणार? जोर लावणार. खांदे, मनगटं, गुडघे झिजवून ती अ‍ॅसिडची बरोबरी करणार. राज्यात २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला, चांगलं झालं. पण बादलीत काय असावं आणि त्याला किती वेळ द्यावा हे अजून घराघरांत दुसरंच कुणी ठरवतं.

म्हणून आता काम ठरवण्याआधी मी एकदा घरी जाऊन येते. पाणी कुठलं, फरशी कुठली, चिमणीची जाळी कसली, घरात बाळ, म्हातारी माणसं, दमा, मांजर आहे का, सगळं विचारते. आणि मग घरच्यांना काम देते. आदल्या रात्री रिठे भिजत घाला. आम्ही यायच्या तासभर आधी नळांना ओले कपडे गुंडाळा. जाळी गरम पाण्यात टाकून ठेवा. काहींना हे विचित्र वाटतं. पैसे देऊन माणसं बोलवायची आणि आपणच कपडे गुंडाळायचे? एका काकूंनी तर फोनवरच नाही म्हटलं. पण एक बँकेत नोकरी करणारी वहिनी आता आम्ही पोचायच्या आत सगळं भिजवून तयार ठेवते, आणि तिच्या शाळकरी मुलाला रिठे कुस्करायचं काम फार आवडतं. त्या घरी आमचं काम दुपारच्या जेवणाआधी उरकतं आणि कुणाची कंबर धरत नाही.

जी घरं भिजवून ठेवणार नाहीत, त्यांच्यासाठी यंदाच्या दिवाळीपासून भिजवण्याचा वेळ मी दरात धरला आहे. त्या वेळात बायका बसतात, चहा घेतात. गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेलं असतं की तेव्हा लिंबूसत्व काम करत असतं. काही घरांनी दर ऐकून फोन ठेवला. बाकीच्यांनी तारीख विचारली.